पायऱ्यांच्या पलीकडून धिणोधर

निघण्याआधी

मुलुंडला आमच्या इमारतीखाली एका कच्छी काकांचं किराणा दुकान आहे, माझ्या जन्माआधीपासूनचं. 26 जानेवारी 2001 च्या सकाळी मुंबईतही पंखे हलले होते. दुपारपर्यंत दुकानाशेजारच्या एसटीडी बूथपुढे रांग लागली. भुज, भचाऊ, अंजार. कुणाचाच फोन लागत नव्हता. मी तेव्हा नववीत होतो. काका शटर अर्धं ओढून आत अंधारात बसले होते, ते चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे धूप घ्यायला गेलो होतो. गुग्गुळाची पुडी बांधता बांधता ते म्हणाले, "हा घ्या, पण खरा वास याला नाही. खरा आमच्या धिणोधरवर. लहानपणी चढायचो ना, झाडाला नुसता हात घासला तरी दोन दिवस वास जायचा नाही." मी विचारलं, धिणोधर म्हणजे काय? पुढची दहा मिनिटं दुकानात दुसऱ्या कुणाला काही मिळालं नाही.

धिणोधर हा कच्छमधल्या नखत्राणा तालुक्यातला डोंगर, भुजपासून साठेक किलोमीटरवर. उंची 386 मीटर. माथ्यावर धोरमनाथांचं स्थान आहे आणि तिथपर्यंत पायऱ्या आहेत. कळसूबाईच्या 1646 मीटरपुढे हा आकडा काहीच नाही, म्हणून मी आधी मनावर घेतलं नाही. मनावर घेतलं माझ्या मावसबहिणीनं. ती भूशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. धिणोधर हे नाव ऐकताच ती म्हणाली, "दादा, तो डोंगर म्हणजे ज्वालामुखीच्या नळीत गोठलेला लाव्हा आहे. बाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि आतली गुठळी उभी राहिली. मला तो पायऱ्यांवरून नाही बघायचा."

तिसरे आमचे सर. शाळेत त्यांनी आम्हाला इतिहास शिकवला आणि दर पावसाळ्यानंतर किल्ल्यांवर नेलं. आता त्रेसष्ट वर्षांचे आहेत, पण घसाऱ्यावर त्यांच्याइतका शांत पाय मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, "वाट नसलेला डोंगर मी आयुष्यात फार थोड्या वेळा चढलो. येतो."

त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. सह्याद्रीत आपण 'वाट चुकलो' म्हणतो, म्हणजे वाट असतेच. गवतात बुडालेली, दरड कोसळून मोडलेली, पण कधीतरी कुणीतरी तिथून गेलेलं असतं. गुरं, धनगर, मोळीवाल्या बायका, शिवकाळातले हरकारे. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पावलांवर चढत आलो, आणि हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

निघण्याआधीच्या रविवारी आम्ही तिघं अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला जाऊन आलो. चहूबाजूंनी इमारतींनी गराडा घातलेला, 61 मीटर उंचीचा तो उभ्या खांबांचा काळा कातळ. बहिणीनं खांबांच्या कडा दाखवल्या. लाव्हा थंड होताना आकसतो, तडे जातात आणि ते आत आत उतरत जाऊन खांब सुटे होतात. धिणोधरला हेच दिसेल, फक्त कोसळलेलं दिसेल, असं ती म्हणाली. दक्खनचे लाव्हे आणि कच्छमधले हे डोंगर एकाच काळातले, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे आम्ही आमच्या डोंगराच्या भावकीतल्याच एकाला भेटायला निघालो होतो, जो दूर कोरड्या मुलखात राहिला.

पहिला दिवस: भुज आणि भुजिया

जानेवारीचा शेवटचा आठवडा. संध्याकाळी बोरिवलीला कच्छ एक्सप्रेस पकडली. डब्यात अर्धे लोक मुलुंड, घाटकोपर, डोंबिवलीचे कच्छी, गावी लग्नाला निघालेले. रात्री अहमदाबाद कधी गेलं कळलं नाही. पहाटे जाग आली ती सूरजबारीच्या खाडीवर. दोन्ही बाजूंना मिठागरं, मिठाचे पांढरे ढीग, मधूनच रोहित पक्ष्यांची रेघ. भांडुपचं मिठागर पाहत वाढलेल्या माणसालाही एवढं मीठ एकदम पाहिल्यावर गप्प व्हायला होतं.

भुजला उतरून सामान टाकलं आणि दुपारी भुजिया डोंगरावर गेलो. शहराच्या कुशीतलाच डोंगर, 160 मीटर उंचीचा, माथ्यावर किल्ल्याची तटबंदी. हासुद्धा धिणोधरसारखाच ज्वालामुखीचा अवशेष. आता त्याच्या उतारावर भूकंपात गेलेल्यांचं स्मृतिवन आहे. पाणी अडवायचे लहान लहान बांध घातलेत आणि बांधांच्या भिंतींवर नावांच्या पाट्या बसवल्यात, 12,000 हून अधिक. मुलं, म्हातारी माणसं, एकाच आडनावाची सलग पाच-सहा नावं. दुकानवाल्या काकांनी निघताना एक नाव कागदावर लिहून दिलं होतं. ते शोधायला आम्हाला दीड तास लागला. सापडल्यावर मी पाटीवर हात ठेवला, फोटो काढला नाही. काकांनी तसंच सांगितलं होतं.

उतरताना सर म्हणाले की उद्या नुसतं बघायचं, चढायचं नाही. अनोळखी डोंगराला पहिला दिवस खालून द्यायचा, ही त्यांची जुनी शिस्त.

दुसरा दिवस: पायथा

भुजहून भाड्याची जीप घेऊन निघालो. वाटेत निरोणा लागतं. एरंडेल आटवून केलेल्या रंगाची रोगन कला आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या घंटा, दोन्ही याच गावची. घंटा करणाऱ्याच्या अंगणात आम्ही थोडा वेळ थांबलो. तो प्रत्येक घंटा ठोकून ठोकून तिचा आवाज जुळवत होता. गुरांच्या गळ्यात बांधायची ती, म्हणून आवाज लांबून ओळखू यायला हवा. या मुलखात जनावर हरवलं तर डोळ्यांपेक्षा कानानं सापडतं.

निरोण्याच्या पुढे जमीन सपाट होत जाते. गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, सगळीकडे माजलेली. आणि मग अचानक धिणोधर. बाजूला दुसरा काही आधार नसलेला एकटा काळा डोंगर. सह्याद्रीत डोंगराला सोंडा असतात, पदर असतो, डोंगर हळूहळू चालू होतो. हा तसा चालू होत नाही. सपाटी संपते तिथे दगड सुरू होतात.

पायथ्याशी थान नावाचं ठिकाण आहे, कानफाट्या नाथ जोग्यांचा जुना मठ. पांढऱ्या भिंती, थंडगार सावली, कबुतरं. नाथपंथ म्हटला की मराठी माणसाला परकं वाटत नाही. मच्छिंद्रनाथ, गोरखनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि मग ज्ञानदेव, ही परंपरा आपल्याला लहानपणापासून पाठ असते. मठात त्या दिवशी एक वयस्क जोगी होते, कानात मोठाली कुंडलं. त्यांनी धोरमनाथांची कथा सांगितली.

धोरमनाथ समुद्राकाठच्या एका गावाबाहेर तपाला बसले होते. शिष्य गावात भिक्षेला जायचा तर कुणी दाणा घालत नसे. रागावून त्यांनी शाप दिला, 'पट्टण सब दट्टण', आणि गाव गाडलं गेलं. मग पश्चात्ताप झाला. प्रायश्चित्तासाठी एक डोंगर निवडला, तर तो पापाच्या भारानं फुटला. दुसराही टिकला नाही. तिसऱ्यावर, म्हणजे या धिणोधरवर, ते पाठमोरे चढले. तो टिकला. तिथे बारा वर्षं त्यांनी डोकं टेकवून उलटं उभं राहून तप केलं. देवांनी विनवल्यावर त्यांनी डोळे उघडले, आणि पहिली नजर समुद्रावर पडली तसा समुद्र आटला. ते रण.

सर ऐकता ऐकता हळूच म्हणाले, "पाठमोरा चढला म्हणजे पाय कुठे पडतोय ते न बघता चढला." मी रात्री त्यावर बराच वेळ विचार करत होतो.

दुपारी डोंगराला निम्मी फेरी मारली. पायऱ्या आहेत त्याच्या पलीकडच्या अंगाला आम्हाला हवी तशी बाजू दिसली: मधे एक रुंद सोंड, तिच्या दोन्हीकडे दगडांनी भरलेली एकेक घळ, वर उभ्या खांबांचे कडे. तिथेच एक रबारी मालधारी, म्हणजे जनावरं पाळणारा, बकऱ्या घेऊन बसला होता. पांढरा वेश, हातात काठी, वय सांगता येणार नाही असा चेहरा. बहिणीला बऱ्यापैकी गुजराती येतं, मुलुंडकर असल्याचा हा फायदा. वर जायचंय म्हटल्यावर त्यानं आधी पायऱ्यांची दिशा दाखवली. या बाजूनं जायचंय म्हटल्यावर आमच्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "डाबी बाजुनी बंद छे. जमणीथी जजो." डावीकडची घळ वर बंद आहे, उजवीकडून जा. आम्ही वहीत दोन घळी काढल्या आणि उजव्या घळीला बाण केला.

रात्री नखत्राण्याच्या लॉजवर बाजरीचा रोटला, लसणाची चटणी आणि ताक. ठेचा-भाकरीवर वाढलेल्या पोटाला काहीच नवीन वाटलं नाही.

तिसरा दिवस: चढाई

कच्छात सूर्य मुंबईपेक्षा उशिरा उगवतो. सव्वासातला पायथ्याशी पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं आणि बोटं गारठली होती. प्रत्येकाकडे चार लिटर पाणी, अंगात पूर्ण बाह्यांचे जाड सुती सदरे, चामडी हातमोजे, डोक्यावर हेल्मेट. एक वीस मीटरचा दोर. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि संक्रांतीच्या उरलेल्या तिळाच्या वड्या. उतरायचं पायऱ्यांनीच, हे आधीच ठरवलं होतं. अनोळखी घळीतून चढता येतं, उतरताना तीच घळ दुसरा चेहरा दाखवते.

सरांनी तीन गोष्टी बजावल्या. एकाखाली एक कुणी चालायचं नाही, तिरकं चालायचं. दगड सुटला तर लाज न बाळगता मोठ्यानं 'दगड!' ओरडायचं. आणि जिथे डोळा पोचत नाही तिथे हात घालायचा नाही. तिसरी गोष्ट फुरशासाठी. कोकणातलं हे विषारी फुरसं आपल्याला माहीत आहे, कच्छातही ते आहे. जानेवारीच्या गारठ्यात ते दगडाखाली निपचित असतं, पण निपचित म्हणजे नाही असं नव्हे.

पहिली पंधरा मिनिटं मला पाय टाकता येईना. हे सांगायला हवं, कारण माझ्यासारखे अनेक सह्याद्रीकर तिथे याच अडचणीत सापडतील. आपला घसारा म्हणजे मुरूम. पाय सरकतो, टाच रोवली की थांबतो. इथे मुरूम नाही, माती नाही. मिक्सरपासून फ्रिजपर्यंत सगळ्या आकारांचे दगड एकमेकांवर नुसते टेकलेले. मधल्या फटींत काहीच भरलेलं नाही. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर त्याच्या दुप्पट-तिप्पट. तो पाऊस दगड कुजवतो, त्याची माती करतो, माती फटींत जाते, तिच्यात गवत येतं आणि गवताची मुळं दगडाला धरतात. कच्छात सालाला चारशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. कोसळलेला दगड पडला तसाच राहतो, त्याला कुणी धरत नाही. आपल्या डोंगरात मी आजवर ज्याला 'पकड' म्हणत होतो ती दगडाची नव्हतीच, पावसाची होती.

मग सर पुढे झाले आणि त्यांच्या मागून जाताना हळूहळू डोळा तयार झाला. ते एका दगडाकडे बघत, पाऊल टाकत, दुसऱ्याला टाळत. काय बघता म्हणून विचारलं. त्यांनी दोन दगड दाखवले. एक वरून करपल्यासारखा काळपट तांबूस, त्यावर दगडफुलाचे वाळलेले करडे चट्टे. दुसरा तसाच मोठा, पण कडेला फिकट राखाडी, जणू खरचटलेला. "हा काळा बरीच वर्षं याच कुशीवर झोपलाय. त्याला ऊन एकाच बाजूनं लागलंय. हा फिकट अलीकडे कूस बदललेला आहे. तो पुन्हा बदलेल." बहिणीनं भर घातली की अशा कोरड्या हवेत दगडाच्या उघड्या तोंडावर हा रंग चढायला फार काळ लागतो, म्हणून तो विश्वासाचा. सरांनी लगेच सांगितलं, पूर्ण विश्वासाचा कोणताच नाही, वजन देण्याआधी प्रत्येकाला पायानं विचारायचं.

त्यानंतर आम्ही काळ्यावरून काळ्यावर असे चढलो. वेग नव्हता, पण चढताना डोक्यात दुसरं काही येत नव्हतं. पाय, दगड, पाय. दोनदा माझ्या पायाखालून फिकट दगड सुटला. 'दगड!' ओरडलो, तो खाली टणटण आवाज करत गेला आणि बराच वेळ जातच राहिला. सह्याद्रीत दगड झाडीत शिरतो आणि आवाज संपतो. इथे तो पार तळाला पोचेपर्यंत ऐकू आला.

सव्वानऊला घळ अरुंद झाली आणि वळणावर आम्ही थेट कड्याखाली आलो. उभे खांब, पाच-सहा माणसं एकावर एक उभी केली तरी पुरणार नाहीत इतके उंच, मधे एकही चीर चढण्याजोगी नाही. बाजूच्या भिंतीही तशाच. बंद.

मालधाऱ्यानं उजवी उघडी सांगितली होती. बहिणीनं वही काढली, बाण उजवीकडेच होता. मी म्हणालो त्यानंच चूक केली असेल. सर एका दगडावर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "काल तो बसला होता कसा?"

आठवलं. तो डोंगराला पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसला होता. त्याची डावी ती आमची उजवी. त्यानं नीट सांगितलं होतं आणि आम्ही तिघांनी, दोन पदव्युत्तर शिकलेल्यांनी आणि एका शिक्षकानं, ते आपल्या हातावरून मोजलं होतं. त्याच्या आयुष्यभराच्या ओळखीवर मी क्षणभर का होईना शंका घेतली, याचं मला त्या कड्याखाली फार वाईट वाटलं. आजही वाटतं. वाट विचारताना सांगणाऱ्याच्या शेजारी जाऊन, तो पाहतो तिकडे तोंड करून उभं राहायचं, एवढी साधी गोष्ट.

मागे उतरायचं म्हणजे तेच सुटे दगड उलटे. सरांनी दहा मिनिटं नुसती आजूबाजूची भिंत वाचली. मग डाव्या हाताला, साधारण तीस मीटर खाली, एक आडवी पायठाण दाखवली. घळ सोडून सोंडेवर चढता येईल, सोंड ओलांडून दुसऱ्या घळीत. आम्ही तिथवर उतरलो आणि आडवी मारायला सुरुवात केली. एका ठिकाणी पाऊलभर रुंदी आणि खाली बारा-पंधरा मीटरची मोकळीक. सरांनी पलीकडे जाऊन एका जाड, हलवून हलवून पाहिलेल्या खडकाला दोर घेतला, तो धरून बहीण गेली, मग मी. त्या चार पावलांत मी दगडाला गाल लावून उभा होतो. तो बर्फासारखा थंड होता आणि त्याला कसलाच वास नव्हता. आपल्या कातळाला वास असतो, शेवाळाचा, ओल्या गवताचा, वटवाघळांचा. हा आपलाच दगड, त्याच आगीतून आलेला, पण न्हालेला नसलेला.

सोंडेवर आलो तेव्हा पहिल्यांदा ऊन लागलं. बहीण बसली होती तिथेच वाकली आणि ओरडली. 'दगड!' असं नाही, मला हाक मारून. "दादा, इकडे ये. हात नको लावूस, आधी बघ."

काळ्या दगडाच्या फुटलेल्या तोंडावर मुठीएवढी एक हिरवट गाठ होती. साखरेच्या खड्यांसारखी कणीदार, मधले कण ताज्या बाटलीच्या काचेसारखे हिरवे, कडेचे गंजलेले तपकिरी. तिच्या हाताला कंप सुटला होता. हेच शोधायला ती आली होती आणि पहिल्या घळीनं उघडी वाट दिली असती तर आम्ही या सोंडेवर आलोच नसतो.

ती हिरवी गाठ लाव्ह्याची नाही. पृथ्वीच्या कवचाखाली प्रावरण आहे, ऑलिव्हिन नावाच्या हिरव्या खनिजानं भरलेलं. तिथून लाव्हा वर निघाला तेव्हा भिंतीचा तुकडा मोडून सोबत घेऊन आला. तुकडा लाव्ह्यापेक्षा जड. वाटेत लाव्हा कुठे रेंगाळला असता तर तुकडा तळाशी बसला असता. ज्या अर्थी तो वर पोचला, त्या अर्थी लाव्हा कुठेही न थांबता, झपाट्यानं आला. सह्याद्रीचा लाव्हा असा आला नाही, तो वाटेत मोठमोठ्या कोठ्यांत साठत, थांबत थांबत आला, म्हणून आपल्या कातळात असे पाहुणे दिसत नाहीत. माणसानं आजवर जमिनीत कितीही खोल भोक पाडलं तरी त्या थरापर्यंत तो पोचलेला नाही. आणि त्या थराचा तुकडा धिणोधरच्या सोंडेवर उन्हात पडला होता, त्याच्यावर एक मुंगी चालली होती.

आम्ही तो उचलला नाही. बहिणीनं मोजपट्टी ठेवून फोटो काढले, वहीत जागा लिहिली. सरांनी टोपी काढली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

सोंडेवर अधूनमधून थोर आणि खुरटी काटेरी झुडपं होती. पलीकडच्या घळीत उतरताना तोल सावरायला मी एका झुडपात दंड घातला. एक वाळकी फांदी मोडली, साल कागदासारखी सुटली आणि बाहीला काहीतरी चिकट लागलं. वास आला तेव्हा कळलं. गुग्गुळ. डिंकासाठी साली चिरून चिरून हे झाड कच्छातूनही कमी होत चाललंय, म्हणून फांदी मोडल्याचं वाईट वाटलं. पण तो वास! देवघर, तिन्हीसांज, आजीचा पदर, सगळं एकदम त्या उघड्या दगडांत.

दुसरी घळ खरोखरच उघडी होती. तिच्यात बकऱ्यांच्या लेंड्या होत्या, म्हणजे मालधारी तिथून रोज जात असणार. शेवटचा टप्पा खांबांच्या ढिगाऱ्यातून, हातापायांनी. सव्वाबाराला माथा.

माथ्यावर लहानसं घुमटीचं देऊळ आहे, माणूस वाकून जेमतेम मावेल एवढं, पूर्वेला उघडं, दार नसलेलं. आत शेंदूर माखलेला तिकोनी दगड. धोरमनाथांनी त्याच्यावर डोकं टेकवलं होतं म्हणतात. वारा इतका की बोलणं ऐकू येईना. उत्तरेकडे जमीन फिकट होत होत एका पांढऱ्या रेघेत संपत होती. ते रण. आम्ही तिळाच्या वड्या तिथे ठेवल्या, मग एकेक खाल्ली.

उतरताना पायऱ्यांवर माणसंच माणसं. एक म्हातारी आजी अनवाणी, नातवाचा हात धरून चढत होती. आमची हेल्मेटं, खरचटलेले हात पाहून तिनं विचारलं, कुठून आलात? बहिणीनं पलीकडची बाजू दाखवली. आजी थांबली, कपाळाला हात लावला आणि नातवाला म्हणाली, यांच्या पाया पड. सरांनी त्या पोराला वरच्या वर उचलून घेतलं आणि स्वतः आजीला वाकून नमस्कार केला.

संध्याकाळी मालधाऱ्याला शोधलं. तो त्याच जागी होता. बहिणीनं डाव्या-उजव्याचा घोळ सांगितला. तो आधी हसला नाही. आम्हाला तिघांना धड पाहून घेतलं, मग म्हणाला, मी सकाळी दगडाचा आवाज ऐकला, वर बघत होतो.

चौथा दिवस: काळो डुंगर

अंग ठणकत होतं, म्हणून जीपनंच गेलो. काळो डुंगर हा कच्छमधला सर्वांत उंच डोंगर, 462 मीटर, भुजपासून नव्वदेक किलोमीटर उत्तरेला, रणाच्या काठावर. वर दत्तात्रेयाचं देऊळ आहे. नरसोबाची वाडी, गाणगापूर करणाऱ्या घरातल्या माणसाला रणाच्या तोंडावर दत्त भेटावा, हे मला फार जवळचं वाटलं. इथला दत्त कोल्ह्यांचा. भुकेले कोल्हे समोर आले तेव्हा द्यायला काही नव्हतं म्हणून दत्तानं स्वतःचं अंग पुढे केलं, 'ले अंग'. त्याचं झालं 'लोंग'. आजही पुजारी चौथऱ्यावर प्रसादाचा भात ठेवून 'लोंग, लोंग' अशी हाक घालतात.

दुपारची हाक आम्ही ऐकली. कोल्हे आले नाहीत, कावळे आले. पुजारी म्हणाले, संध्याकाळी येतील. आम्हाला गाडी गाठायची होती.

या डोंगराचा दगड आगीचा नाही. बहिणीनं थरावर थर असलेला वाळूखडक दाखवला, ज्युरासिक काळातल्या समुद्राचा तळ, त्यात शिंपल्यांचे ठसे. आणि समोर आटलेला दुसरा समुद्र, क्षितिजापर्यंत पांढरा. त्याच्यापलीकडे कुठेतरी अल्लाह बंद नावाचा जमिनीचा लांब बांध आहे. 1819 च्या जून महिन्यातल्या भूकंपात जमीन उचलली गेली, सिंधूच्या एका फाट्याचं पाणी अडलं आणि सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. पट्टण सब दट्टण. कथा आणि भूकंप यांचा काही संबंध आहे का, हे मला ठाऊक नाही. पण ज्या मुलखात जमीन अशी उठते आणि बसते तिथे माणसांनी तपस्व्याच्या नजरेची गोष्ट सांगितली, यात मला काही नवल वाटत नाही.

मुंबई

सकाळी बोरिवलीला उतरून घरी आलो. अंघोळीआधी सदरा तसाच घेऊन खाली दुकानात गेलो. काका गिऱ्हाइकाला तूरडाळ तोलत होते. मी पाटी सापडल्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग मी बाही पुढे केली.

त्यांनी तराजू खाली ठेवला. बाही दोन्ही हातांनी नाकाशी धरली आणि डोळे मिटले. डाळ घ्यायला आलेल्या बाई काही बोलल्या नाहीत. मागे रांगेत आणखी दोघं येऊन उभे राहिले.